डबा हलवून पाहताना

(प्रस्तावना)

नवरात्र बसलं की बन्नीमंटपातल्या आमच्या घराच्या गच्चीवर पाट मांडला जातो. पाटावर हत्ती काढायचा, त्याची पूजा करायची, त्याच्याभोवती फेर धरायचा आणि एकेक गाणं म्हणायचं. महाराष्ट्रात भोंडल्याचा हत्ती पाटावरच असतो. म्हैसूरला तो रस्त्यावरूनही चालत येतो. दसऱ्याच्या कितीतरी दिवस आधीपासून राजवाडा ते बन्नीमंटप या पाचेक किलोमीटरच्या वाटेवर हत्तींची तालीम सुरू होते. साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी पेलायची सवय व्हावी म्हणून त्यांच्या पाठीवर वाळूची पोती लादतात. त्या वाटेतला एक मोठा रस्ता सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा आहे, हे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मराठी पाहुण्याला आम्ही कौतुकाने सांगतो.

या पुस्तकाची सुरुवात त्या गच्चीवरच्या एका प्रश्नातून झाली. कारल्याच्या वेलाचं गाणं चाललं होतं. सुनेला माहेराहून मूळ आलंय, ती सासूला जाऊ का विचारते आणि सासू तिला आधी कारल्याचा वेल लावायला सांगते, ते गाणं. फेर संपल्यावर आमच्यातल्या एकीच्या नऊ वर्षांच्या नातीने विचारलं, "आजी, मूळ म्हणजे कारल्याचंच मूळ ना?"

तिचं काही चुकलं नव्हतं. गाण्यात वेल आहे, मग मूळ असणारच. सासरी असलेल्या मुलीला न्यायला माहेरचं माणूस येतं त्याला 'मूळ येणं' म्हणतात, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आता मुलगी फोन करते, बसचं तिकीट काढते आणि येते. मूळ धाडायची पद्धत गेली, तिच्याबरोबर शब्दही गेला. उरलं फक्त गाणं. ज्या एका शब्दावर ते सगळं गाणं उभं आहे तो शब्द मुलीच्या कानात दुसराच होऊन पडला होता.

त्या संध्याकाळी खिरापत बाजूला ठेवून आम्ही त्या गाण्यावरच बोलत बसलो. एकीने सांगितलं की कारलं म्हणजे संसाराचा कडूपणा. ऐकायला बरं वाटलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. पण गच्चीवरच्या कुंड्यांत भाज्या लावणारी आमची एक मैत्रीण म्हणाली, "कारल्याचं बी लावल्यापासून पहिलं फळ यायला दोन महिने लागतात." आणि गाणं एकदम वेगळंच दिसायला लागलं. आश्विनात बी लावलं तर कारलं मार्गशीर्षात मिळणार. तोवर दसरा गेला, दिवाळी गेली, भाऊबीजही गेली. न्यायला आलेलं माणूस दारात किती दिवस थांबेल? सासू नाही म्हणतच नाही. ती फक्त काम सांगते. वेल लाव, मग कारलं येऊ दे, मग भाजी कर, मग उष्टी-खरकटी काढ. आणि हे सगळं झाल्यावर सांगते की आता सासऱ्यांना विचार. हे चवीचं गाणं नाही, वेळेचं गाणं आहे. नकार न देता नकार कसा देता येतो, ते त्यात पायरीपायरीने मांडलेलं आहे. काही घरांत हे गाणं फणी-वेणी होऊन सून माहेरी निघते तिथे संपतं, काही घरांत पाठीवर काठी बसते तिथे. आमच्या गच्चीवर दोन्ही शेवट माहीत असलेल्या बायका होत्या. आपल्या घरचा शेवट कोणता, हे त्यांतल्या दोघींनी सांगितलं नाही.

भोंडला ज्यांनी खेळला आहे त्यांना खिरापत ओळखण्याचा खेळ माहीत असतो. डबा बंद असतो. तो हलवायचा, आवाज ऐकायचा. गोड का तिखट, ओलं का कोरडं, कुठल्या अक्षरापासून, असं विचारत जायचं. तर्क कितीही करा, पण डबा उघडल्यावर आत शंकरपाळेच असतात किंवा नसतात. गाण्याचा अर्थ लावताना ही शिस्त आपण विसरतो. "ज्याला जो वाटेल तो अर्थ" असं म्हणणं उदारपणाचं वाटतं, पण मला त्यात आळस दिसतो. कारलं म्हणजे संसाराचा कडूपणा, हा अर्थ एका शब्दाला लागू पडला आणि बाकीचे शब्द रिकामे बसले. वेल लावणं, वाट पाहणं, भाजी करणं, खरकटं काढणं, यांना त्यात काहीच काम नव्हतं. वेळेचा अर्थ धरला आणि प्रत्येक शब्द कामाला लागला. या पुस्तकातल्या सगळ्या लेखांना आम्ही हीच एक कसोटी लावली आहे: अर्थ असा हवा की गाण्यातला एकही शब्द बिनकामाचा राहू नये.

आम्ही कोण, तेही सांगते. म्हैसूरला मराठी माणसं काही आजची नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या संस्थानाचे लागोपाठ दोन दिवाण, व्ही. पी. माधवराव आणि टी. आनंदराव, तंजावरच्या बाजूच्या मराठी घराण्यांतले होते. पुढे १९५० मध्ये केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था इथे आली, १९६९ मध्ये भारतीय भाषा संस्थान आलं, नोटांचा छापखाना आला, संगणकाच्या कंपन्या आल्या, आणि त्या त्या वेळी पुणे, सोलापूर, बेळगाव, नागपूरकडची कुटुंबं येत राहिली. आमच्या बैठकीत तंजावरी मराठी बोलणाऱ्या एक आजी आहेत, सोलापूरच्या वहिनी आहेत, आणि शेजारच्या कन्नड घरातल्या एक अक्का आहेत. अक्कांना मराठी चांगलं कळतं, पण बोलताना त्या कन्नडच बोलतात. त्या नसत्या तर हे पुस्तक अर्धंच झालं असतं.

बन्नीमंटप हे नावच अर्थाच्या पहिल्या धड्यासारखं आहे. नव्याने कन्नड शिकणाऱ्याला सगळ्यात आधी 'बन्नि' हा शब्द येतो. बन्नि म्हणजे 'या'. दारात आलेल्या माणसाला म्हणायचा, आदराचा. त्यामुळे बन्नीमंटप म्हणजे 'या म्हणणारा मंडप' असं वाटतं, आणि विजयादशमीला सगळं शहर तिथे लोटतं तेव्हा ते खरंही वाटतं. पण ही बन्नी म्हणजे झाड. आपण ज्याला शमी म्हणतो तेच. तमिळमध्ये त्याला वन्नी म्हणतात. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रं शमीवर लपवली आणि वर एक प्रेत टांगून ठेवलं, म्हणजे कुणी जवळ फिरकू नये. म्हैसूरचे राजे दसऱ्याला या जागी येऊन बन्नीची पूजा करत आणि मशालींच्या उजेडात परत जात. आजही त्या संध्याकाळी इथल्या मैदानावर मशालींचं संचलन होतं. महाराष्ट्रात आपण आपट्याची पानं वाटतो आणि सोनं घ्या, सोन्यासारखं राहा म्हणतो. उत्तर कर्नाटकात बन्नीची पानं देतात आणि बंगारासारखं, म्हणजे सोन्यासारखं, राहू या म्हणतात. झाड वेगळं, भाषा वेगळी, वाक्य तेच.

शमीबद्दल आणखी एक गोष्ट मला गाण्यांच्या संदर्भात फार आठवते. यज्ञाचा अग्नी घुसळून काढायच्या अरणीशी या झाडाचं नातं जुनं आहे; शमीच्या पोटात अग्नी असतो, अशी समजूत. 'शाकुंतला'च्या चौथ्या अंकात कण्वांना मुलगी गरोदर असल्याचं कळतं ते एका शरीर नसलेल्या वाणीकडून, आणि त्या वाणीने शकुंतलेला दिलेली उपमा शमीचीच आहे. वरून शांत झाड, आत विस्तव. हेच 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात संगीतात बांधून रंगभूमीवर आणलं, आणि त्याच सुमारास म्हैसूरच्या दरबारी नाटक मंडळीसाठी बसवप्पशास्त्रींनी ते कन्नडात केलं. पुढे १९३५ मध्ये याच शहरात मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या 'विठ्ठल विहार' या घरातून नभोवाणीचं केंद्र चालवलं आणि त्याला नाव मिळालं 'आकाशवाणी'. तेच नाव नंतर सगळ्या देशाने घेतलं. शरीर नसलेल्या वाणीने घराघरांत गाणी पोचवायची इथली सुरुवात विठ्ठलाच्या नावाच्या घरातून झाली, हे मला नुसता योगायोग म्हणून सोडवत नाही.

आता म्हैसूरच्याच एका गाण्याकडे येते. के. एस. नरसिंहस्वामींचा 'मैसूरु मल्लिगे' हा संग्रह १९४२ मध्ये आला. नवऱ्या-बायकोच्या प्रेमाच्या या कविता कन्नड घराघरांत गायल्या गेल्या, लग्नात हे पुस्तक आहेर म्हणून दिलं गेलं, १९९२ मध्ये टी. एस. नागाभरण यांनी याच नावाचा चित्रपट केला. आपल्याकडे भावगीत तसं तिकडे भावगीते, शब्दही तोच. त्यातलं 'रायरु बंदरु' हे गाणं अक्कांनी आम्हाला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा आम्हाला ते नुसतं गोड वाटलं. जावई रात्री सासरी पोचतो. दिवा आहे, पाय धुवायला पाणी आहे, पंगत आहे, बिछाना आहे. सगळं आहे, फक्त बायको दिसत नाही. ती आत नाही, एवढंच कळतं. सकाळी जावईबापू रागावून निघायला लागतात, तेव्हा मेव्हणी सांगते की न्हाण्याचं पाणी तापलंय. कुणासाठी? आणि मग केसांत फुलं माळून बायको त्यांच्या खोलीत येते. संपलं.

तरुण मुलींनी विचारलं की ती होती कुठे? आमच्या तंजावरच्या आजींनी एका क्षणात सांगितलं, "बाहेरची होती." कवीने तो शब्द कुठेही वापरलेला नाही. वापरलं आहे ते 'आत नाही' हे बोलणं, आणि चौथ्या दिवसाचं ते न्हाण्याचं पाणी. ज्या घरांत तीन दिवस बाजूला बसायची चाल होती त्यांना यात कोडं वाटलंच नसेल. ज्या घरांतून ती चाल गेली, आणि गेली ते फार चांगलं झालं, त्यांना मात्र ते गाणं आता कुणीतरी उलगडून सांगावं लागतं. आजींनी उलगडल्यावर ती मेव्हणीची थट्टा, तो जावयाचा रुसवा, ते फुलं माळणं, सगळं एकदम जागेवर बसलं. नुसतं पाणी तापलंय एवढ्यावर एखादं गाणं वळण घेऊ शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. 'गूढ अर्थ' म्हटलं की लोक लगेच अध्यात्माकडे धावतात. काही गाणी मुळातच तशी बांधलेली असतात, यात शंका नाही. मुक्ताबाईंची आकाशात उडून सूर्य गिळणारी मुंगी आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. एकनाथांनी तर विंचवाच्या भारुडात किल्ली स्वतःच हातात दिली आहे. कन्नडात कनकदासांच्या अशा कोड्यांना मुंडिगे म्हणतात. आणि एकोणिसाव्या शतकात शिशुनाळ शरीफांच्या पदात कोंबडी माकडाला गिळते, तेव्हा ती आपल्या मुंगीची धाकटी बहीणच वाटते. ही पदं आज शाळेच्या संमेलनात टाळ्या घेतात. त्यांच्यावर या पुस्तकात फार नाही, कारण त्यांच्यावर आधीच खूप लिहिलं गेलं आहे आणि ती कोडी म्हणूनच आपल्यासमोर येतात. मला जास्त ओढ आहे ती कोडी वाटतच नाहीत अशा गाण्यांची.

उदाहरणार्थ भा. रा. तांबे यांची 'नववधू'. वसंत प्रभूंची चाल, लतादीदींचा आवाज. लग्नाच्या घरात हे गाणं लावलं जातं आणि लावणाऱ्यांचं काही चुकतही नाही; नव्या नवरीचं बावरणं त्यात इतकं खरं आहे. पण जरा थांबून ऐका. तो आपला जिवलग आहे हे तिला माहीत आहे. त्याच्यावाचून सगळं फुकट आहे हेही माहीत आहे. त्याच्याकडे जायचंच आहे, यात तिला शंका नाही. तरी पाय उचलत नाही, आणि ही भीती घालवायलाही ती त्यालाच सांगते. नुसती नवरी धरली तर हे थोडं जास्तच बोलणं होतं. पण नवरी म्हणजे जीव आणि तो म्हणजे मृत्यू, किंवा मृत्यूच्या पलीकडचा तो, असं धरलं की एकेक शब्द अंगावर येतो. जायचं आहे, तो आपलाच आहे, सगळं कळतं आणि तरी भीती वाटते. माणसाच्या शेवटच्या भीतीचं इतकं मायाळू वर्णन मराठीत मला दुसरं माहीत नाही. तांबे १८७३ मध्ये ग्वाल्हेर संस्थानात जन्मले, सगळं आयुष्य महाराष्ट्राबाहेर राहिले, १९४१ मध्ये ग्वाल्हेरलाच गेले. मध्य हिंदुस्थानातल्या एका घरात बसून मराठी लिहिणारा हा माणूस म्हैसूरच्या आमच्या गच्चीला फार जवळचा वाटतो.

लग्नात हे गाणं लावणं बंद करावं का, असं सोलापूरच्या वहिनींनी विचारलं. मी म्हटलं, मुळीच नाही. दुसरा अर्थ कळला म्हणून पहिला खोटा होत नाही. तांब्यांनी नवरीचं बावरणं खोटं लिहिलं असतं तर मृत्यूची भीतीही खोटी पडली असती. वरचा अर्थ पक्का असतो म्हणून त्यावर पाय देऊन खाली उतरता येतं.

काही गाण्यांचे शब्द तेच राहतात आणि काळ त्यांचा अर्थ बदलतो. म्हैसूर संस्थानचं गीत बसवप्पशास्त्रींनीच लिहिलं. देवीने राजाचं रक्षण करावं, अशी ती प्रार्थना. संस्थान गेलं. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे गेले. त्याआधी अंबारीत राजा बसायचा, आता चामुंडेश्वरीची मूर्ती बसते. हत्ती तसाच, अंबारी तीच, रस्ता तोच, आणि दसऱ्याला गीतही तेच. आता ते ऐकणारा कुणाचं रक्षण मागतो? अक्का म्हणाल्या, "आमचं. अजून कुणाचं?" लहानपणी त्यांनी अंबारीत महाराजांना पाहिलं होतं. त्यांच्या एका आयुष्यात त्या गाण्यातला राजा उतरला आणि तिथे लोक बसले. कवीला हे मनात नव्हतं, म्हणून हा अर्थ चुकीचा म्हणायचा का? मी म्हणणार नाही. पण याला गाण्याचा अर्थ न म्हणता गाण्याचं आयुष्य म्हणावं, असं मला वाटतं. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून लेखांत आम्ही ते वेगळे ठेवले आहेत.

आणि काही डबे उघडत नाहीत. ग्रेसांचं 'भय इथले संपत नाही' आमच्यातल्या प्रत्येकीला पाठ आहे. आम्ही त्याच्यावर तीन संध्याकाळी घालवल्या. प्रत्येकीचा अर्थ शेवटच्या कडव्यापर्यंत जाण्याआधीच तुटला. तो लेख आम्ही पुस्तकात घेतला नाही. न कळता आवडणं हीसुद्धा कवितेशी असलेली प्रामाणिक ओळख आहे. तिला ओढूनताणून कळण्याचं रूप देऊ नये.

'कानडा राजा पंढरीचा' या गाण्याने मात्र आम्हाला वेगळ्याच जागी नेलं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, 'झाला महार पंढरीनाथ' हा १९७० चा चित्रपट, आणि गाणारे स्वतः फडके आणि भीमसेन जोशी. गदग जिल्ह्यातला, कन्नड घरातला गवई मराठीत विठ्ठलाला कानडा म्हणतो, यातच केवढं काय आहे. हा शब्द थेट ज्ञानेश्वरांच्या अभंगातून येतो. मराठीत कानडा म्हणजे कर्नाटकातला, आणि कानडा म्हणजे न कळणारा, अगम्यसुद्धा. गदिमांना दोन्ही हवे आहेत. वेदांना ज्याचा थांग लागत नाही तो विटेवर मुका उभा आहे. इथे 'अगम्य' हा अर्थ काम करतो. आणि विठ्ठल दक्षिणेतून आला, इथल्या गवळ्या-धनगरांचा तो देव, हे रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' या १९८४ च्या ग्रंथात मांडलंच आहे. पुरंदरदासांच्या प्रत्येक पदाच्या शेवटी विठ्ठलाचं नाव आहे, हंपीला त्याचं प्रचंड देऊळ आहे. तेव्हा दुसरा अर्थही नुसता शब्दखेळ नाही.

हे सगळं मी उत्साहाने सांगत होते. अक्का शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी कन्नडात विचारलं, "म्हणजे तुमच्या भाषेत आमचं नाव हाच न कळण्याचा शब्द आहे?"

गच्चीवर कुणीच काही बोललं नाही. आम्ही तो शब्द आयुष्यभर भक्तीने गायलो होतो. त्यात एका शेजाऱ्याने दुसऱ्या शेजाऱ्याची भाषा ऐकून न कळल्याची खूण आहे, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी एवढंच म्हणू शकले की जे कळत नाही त्याच्याच पायाशी आम्ही इतकी शतकं डोकं ठेवत आलो. अक्का हसल्या. पण तो प्रश्न मी मनातून काढू शकले नाही, आणि या पुस्तकात त्या गाण्यावरचा लेख मी त्या प्रश्नापासूनच सुरू केला आहे.

त्यानंतरच्या बैठकीला अक्का बेंद्र्यांचं एक गाणं घेऊन आल्या. कदाचित उत्तर म्हणून. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे, अंबिकातनयदत्त. १८९६ मध्ये धारवाडला जन्मले. घरची भाषा मराठी, आणि कविता कन्नडात अशी की त्या भाषेने त्यांना आपला वरकवी, म्हणजे देवाचं वरदान लाभलेला कवी, म्हटलं. १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना 'नाकु तंति' या संग्रहासाठी मिळालं. नाकु तंति म्हणजे चार तारा. कानडा म्हणजे न कळणारा, या समजुतीला मराठी घरातून गेलेलं याहून मोठं उत्तर मला माहीत नाही.

अक्कांनी आणलेलं गाणं होतं 'नी हिंग नोडब्याड'. ते आमच्यातल्या एकीला आधीच येत होतं. धारवाडकडची ती, तिचा आवाज चांगला आहे, आणि कित्येक साखरपुड्यांत, लग्नाच्या वाढदिवसांना तिने ते म्हटलेलं आम्ही ऐकलं होतं. तू माझ्याकडे अशी पाहिलीस तर मी तुझ्याकडे कसा पाहू, असं पुरुष बाईला म्हणतो. चाल हळवी, आर्जवी. याहून सरळ प्रेमगीत कोणतं असेल? आम्ही सगळ्या त्यावर लाजून हसलेल्या आहोत.

अक्कांनी पुढची कडवी एकेक शब्द थांबून सांगितली. त्यात दुःखाला हिशेब नाही असं म्हटलंय. त्या बाईच्या चेहऱ्यासाठी पौर्णिमेच्या चंद्राचं प्रेत दिवसाढवळ्या आभाळात तरंगत आल्याची प्रतिमा आहे. शेवटी तो तिला सांगतो की रडायचं असेल तर रडून घे, पूर येऊ दे, हसण्याखाली दुःख कशाला लपवतेस. प्रेमगीतात चंद्र असतो; चंद्राचं प्रेत का असेल? हिशेब नसलेलं दुःख का असेल? आम्ही इतकी वर्षं पहिल्या दोन ओळी ऐकत होतो आणि बाकीच्या ओळींवर चालीचा पदर ओढत होतो.

बेंद्र्यांच्या घरात मुलं जन्मली आणि गेली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. हे गाणं अशाच एका मुलाच्या मृत्यूनंतरचं आहे. समोर बायको आहे. ती काही विचारत नाही, नुसती पाहते. आणि त्या पाहण्यात जो प्रश्न आहे त्याला बापाकडे उत्तर नाही. म्हणून तो म्हणतो की अशी पाहू नकोस.

डबा उघडला होता. प्रत्येक शब्द कामाला लागला होता, आणि आता त्यांतल्या एकाकडेही पाहवत नव्हतं.

धारवाडच्या मैत्रिणीने बराच वेळ मान वर केली नाही. तिचं पहिलं मूल सहा महिन्यांचं असताना गेलं होतं, हे आमच्यातल्या दोघी-तिघींनाच ठाऊक होतं. मग तिने स्वतःहून ते गाणं म्हणायला घेतलं. चाल तीच होती, तिने काही बदललं नाही. फक्त कुठल्याच शब्दावरून ती घाईने पुढे गेली नाही. खाली रस्त्यावरून हत्ती तालमीहून परतत होते, त्यांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज वर येत होता. अक्का तिचा हात धरून बसल्या होत्या.

या पुस्तकात गाणी छापलेली नाहीत. ती तुम्हाला पाठ आहेत, आणि नसतील तर ती वाचण्याआधी ऐकायला हवीत. लेखांचा क्रमही आम्ही लावलेला नाही. ज्या संध्याकाळी जे गाणं आलं त्याच क्रमाने ते आले आहेत. बेंद्र्यांवरचा लेख शेवटचा आहे, कारण त्या वर्षी त्यानंतर बैठक झाली नाही.

त्या दिवशी खिरापत ओळखायला कुणी सांगितलं नाही. डबे तसेच उघडले आणि वाटले.